सांबार म्हणजे कोथिंबीर

१८ मे. गच्चीवर मुंगवड्या वाळत घातल्या होत्या, त्यांचा चौथा दिवस. वर्ध्याला दोन उन्हांत खडखडीत होणाऱ्या वड्या पनवेलच्या दमट हवेत चौथ्या दिवशीही बोटाने दाबल्या की बसत होत्या. मी एकेक उलटवत होते. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला घरमालकिणीचे बोंबील दोरीवर टांगलेले होते. पावसाळ्याची बेगमी दोघींचीही चालू होती. तिच्या बेगमीवर कावळे येत होते आणि माझ्या बेगमीला तिच्या बेगमीचा वास लागत होता.

मालकीण सत्तरीची. आमची इमारत तिच्या भाताच्या शेतावर उभी आहे आणि तळमजल्यावर तिचं सगळं कुटुंब राहतं. मी तिला मावशी म्हणते. ती मला आणि माझ्या मुलीला, दोघींनाही ‘बाय’ म्हणते. माझ्या वड्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा तिने विचारलं होतं, “ही काय गो, बकरीची लेंडी हाय का?” संध्याकाळी वाटीभर रस्सा करून दिला. वाटी पुसून आली, वर आणखी आहे का म्हणून निरोप आला.

त्या दिवशी माझं लक्ष वड्यांत नव्हतं. मुलीची शाळा ठरवायची होती. एका शाळेने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागा राखून ठेवली होती.

आम्ही एप्रिलअखेर, मुलीची परीक्षा उरकून वर्ध्याहून इकडे आलो. नवऱ्याला न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्डात नोकरी लागली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाणारी. माझं लग्न उशिरा झालं आणि मूल त्याहून उशिरा, त्यामुळे शाळांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये मी थोरली दिसते. मी पाच शाळांची यादी केली होती. दोन लांब होत्या. कंटेनरच्या रांगांमधून रोज तासभर बसमध्ये मूल पाठवायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या शाळेत वर्ग दाखवायच्या आधीच जाहिरातीसाठी मुलीचा फोटो काढून घ्या म्हणाले, म्हणून नाव खोडलं. उरल्या दोन.

मी कुठल्याही शाळेत गेले की आधी मुलींचं स्वच्छतागृह बघते. पहिली शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथलं स्वच्छतागृह माझ्या घरच्यापेक्षा स्वच्छ होतं. ग्रंथालय होतं, मोठं मैदान होतं. मुलाखत घेणारी बाई तरुण आणि हसतमुख होती. मुलीला इंग्रजी फारसं येत नाही हे बघून ती मराठीत आली, हेही मला आवडलं. तिने विचारलं, घरी आईला काय मदत करतेस?

मुलगी खुशीत म्हणाली, “सांबार निवडते.”

बाई थांबली. सांबार निवडतेस म्हणजे काय, त्यातली डाळ वेगळी काढतेस का, असं तिने विचारलं आणि हसली. शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही तिने ते सांगितलं. ती पण हसली. त्यात दुष्टावा नव्हता. वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे इकडे कोणाला माहीत असणार? मी लगेच पुढे झाले आणि मुलीला म्हटलं, “बाळा, कोथिंबीर म्हणायचं.” तेव्हा मला ते प्रसंगावधान वाटलं होतं.

त्यानंतर मुलीने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. बाई म्हणाली, लाजरी आहे, इथे रुळेल. प्रवेश मिळाला.

दुसरी शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, जुनी, मराठी माध्यमाची. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. स्वच्छतागृहाच्या एका दाराची कडी सुतळीने बांधलेली होती. मुख्याध्यापक बाईंनी मुलीला नाव विचारलं. ती चपलेकडे बघत राहिली. मी सांगायला लागले तर बाईंनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, “राहू द्या. जूनमध्ये बोलेल. नाहीतर जुलैमध्ये.” मग मी त्यांना कडीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, सुतार दोनदा ‘येतो’ म्हणाला आणि आला नाही.

मला काळजी या दोन शाळांची नव्हती. ही मुलगी आमच्या घरात अखंड बोलते. आंघोळ करतानाही बाहेर उभ्या असलेल्या माणसाला गोष्ट सांगते. त्या मुलाखतीपासून ती उंबऱ्याबाहेर पडली की तोंड मिटून घेत होती. किराणावाल्याशी बोलेना, डॉक्टरांनी जीभ दाखव म्हटलं तेवढी फक्त दाखवली. कुठल्याही शाळेत घातली आणि ही अशीच बसून राहिली तर करायचं काय, हे मला सुचत नव्हतं. दोष मी त्या हसणाऱ्या बाईंना देत होते. ते सोयीचं होतं.

तर गच्चीवर मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला वड्या उलटवत होते. पलीकडे मुलगी काठी घेऊन कावळे हाकत होती आणि मावशी पोत्यावर बसून तिला हुकूम सोडत होती. मावशीने विचारलं, शाळेत कधी जाणार? मुलगी काठी आपटत राहिली. मावशी म्हणाली, जीभ कावल्याने नेली का तुजी?

मग मला मुलीचा आवाज आला.

“आजी, तुम्ही हिरव्या सांबाराला काय म्हणता?”

“हिरवा सांबार? कंचा गो?”

“भाजीवर टाकतात तो. पानंपानं असतात.”

“ती कोथमीर. आमी कोथमीर बोलतो. तुमी सांबार बोलता? बोला ना. तुला कोन धरते?”

“आई घरी सांबारच म्हणते. शाळेत नाही म्हणाली. मलाच चुकीचं ठरवलं.”

मावशी काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. माझ्या हातातली वडी चेपली होती. मुलीचं खरं होतं. सकाळ-संध्याकाळ ‘सांबार आण, सांबार धू’ असं मी तिला सांगते, आणि परक्या दोन बायका हसल्या तेव्हा मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. बायका हसल्या त्याचं तिला फारसं काही नव्हतं.

मी उठून तिकडे गेले. म्हटलं, तिथे माझं चुकलं. सांबार बरोबर होतं, कोथिंबीरही बरोबर आहे.

“मग त्या मॅडमला सांग,” ती म्हणाली.

“सांगते.”

“कधी?”

“उद्या.”

मावशीने मला विचारलं की एवढ्याशा पानांवरून काय चाललंय मायलेकींचं, आणि उत्तराची वाट न बघता आम्हा दोघींना कावळ्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. एक बोंबील तोवर गेला होता.

नवऱ्याला दुपारी फोन केला. त्याला पहिली शाळा हवी होती. इंग्रजीत मागे पडलो तर काय होतं हे तो यार्डात रोज बघतो, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी त्याला गच्चीवरचं सगळं सांगितलं. म्हटलं, इंग्रजी आपण शिकवू, तिसरीत शिकेल, चौथीत शिकेल. आत्ता ती बोलायला हवी, आणि दुसऱ्या शाळेतल्या बाईंना जुलैपर्यंत दम आहे. मलाही तेवढा नव्हता. त्याच्या मागे क्रेनचा भोंगा वाजत होता.

“तू पाहून आली ना दोन्ही?”

“आले.”

“मग झालं,” तो म्हणाला. “पण त्या कडीचं पाहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या शाळेत फोन केला. जागा नको म्हणून सांगितलं, आभार मानले, आणि आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर असते तेव्हा मुलीचं उत्तर बरोबर होतं, हे त्या बाईंना कळवा असंही सांगितलं. पलीकडचा माणूस दोनदा ‘काय?’ म्हणाला, मग ‘बरं’ म्हणाला. मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. मग आम्ही दोघी चालत दुसऱ्या शाळेत गेलो. कार्यालयातल्या गृहस्थांनी फॉर्म पुढे ओढला, मुलीकडे बघून नाव विचारलं. मी ओठ मिटून घेतले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ गेला. मग तिने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि न विचारता मावशीच्या बोंबलांचंही सांगितलं. गृहस्थांनी पत्ता विचारला. तो तिला अजून पाठ नव्हता. तो मी सांगितला.