यात्रेआधी आलेला प्रसाद

बत्तीस वर्षांच्या नोकरीतले बरेच काही मी विसरलो. पण बेपत्ता व्यक्तींचा एक तपास असा आहे की तो आठवला की आजही मी एकटाच हसतो. लेखनाची मला सवय नाही. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले, तेव्हा भाषेचा कोरडेपणा वाचकांनी सांभाळून घ्यावा. संबंधितांची नावे मी देत नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. नाशिकच्या ज्या पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता, त्याच्या हद्दीत इंदिरानगर येत असे. एका सकाळी हजेरी चालू असताना पस्तिशीचा एक इंजिनिअर पत्नीसह आला. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, आई निवृत्त शिक्षिका. पाच दिवसांपूर्वी दोघे काशीयात्रेला निघाले होते. यात्रेकरू मुंबईत एकत्र जमणार म्हणून त्याने स्वतः त्यांना नाशिकरोडला गाडीत बसवून दिले होते. मुंबईहून पोहोचल्याचा एक फोन आला, त्यानंतर काहीच नाही. आणि त्याच्या हातातल्या वर्तमानपत्रात बातमी होती, की काशीजवळ यात्रेकरूंच्या बसला अपघात झाला आहे.

"कोणत्या यात्रा कंपनीबरोबर गेले?" मी विचारले.

तो पत्नीकडे पाहू लागला. "ते विचारायचं राहिलं, साहेब."

असे अनेकदा पाहिले आहे. स्वतःच्या गाडीचा नंबर तोंडपाठ असलेल्या माणसाला वडील कोणता शर्ट घालून गेले ते सांगता येत नाही. तो काही लपवत नसतो. त्याला खरोखर माहीत नसते.

रजिस्टरला नोंद करून मी काशीच्या पोलिसांना बिनतारी संदेश पाठवला. दुपारी उत्तर आले. अपघातग्रस्तांच्या यादीत ही नावे नव्हती. मात्र जखमींपैकी एक वृद्ध आणि एक वृद्धा बेशुद्ध होते आणि त्यांची ओळख पटली नव्हती. मुलाचा चेहरा उतरला. संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणाला. मग खाली पाहत पुटपुटला, "सोबत जायला हवं होतं. रजा मिळत होती. मीच घेतली नाही."

वर्णन पाठवण्यासाठी फोटो हवा होता, म्हणून आमच्या हवालदारांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सुनेने सासूबाईंचे कपाट उघडले. साड्यांखाली एक कापडी पिशवी होती. तिच्यात गंगाजलाच्या लहान, सीलबंद तांब्याच्या लोट्या निघाल्या, चांगल्या दोन डझन. शिवाय काशीचे काळे दोरे आणि प्रसादाच्या पुड्या.

काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची रीत आहे. गंगेची पूजा करायची, आप्तेष्टांना जेवू घालायचे आणि प्रत्येकाच्या हाती लोटी आणि दोरा द्यायचा. हे सामान यात्रेकरूंबरोबर घरी यायचे असते. इथे यात्रेकरूंचा पत्ता नव्हता आणि प्रसाद आधीच कपाटात येऊन बसला होता. पिशवीवर पंचवटीतल्या दुकानाचा शिक्का होता.

"मागच्या वेळचं असेल," सून म्हणाली.

"मागच्या वेळी कधी गेले होते?" मुलाने विचारले. सून पिशवीवरचा शिक्का पुन्हा वाचू लागली.

आमचे हवालदार घोटीकडचे. ते मघापासून चुळबुळत होते. "साहेब, एक बोलू का? चार महिन्यांमागं मी या घरी येऊन गेलोय. पासपोर्टच्या पडताळणीला. बाईंनी थालीपीठ खाऊ घातलं. लय चांगली माणसं."

"मग सकाळपासून गप्प का?"

"काशीला पासपोर्ट लागत नाय, साहेब. म्हणून डोक्यातच आलं नाय."

शेजारच्या काकू बाईंच्या रोजच्या फिरण्यातल्या सोबतीण. त्यांच्याकडे मी एकटाच गेलो. त्यांनी चहा केला आणि कपबशी पुढे सरकवत म्हणाल्या, "मला बाई काही माहीत नाही." मी फारसे विचारले नाही, नुसते ऐकत राहिलो. वीस वर्षांपासूनची मैत्रीण बेपत्ता आहे, पोलीस दारात आले आहेत, आणि तरीही ती सुखरूप असेल ना, असे या बाई एकदाही विचारत नव्हत्या.

"काकू," मी म्हणालो, "तुमच्या मैत्रिणीचा मुलगा संध्याकाळी निघतोय. परगावच्या दवाखान्यात बेशुद्ध माणसांचे चेहरे पाहायला."

त्यांचा कप बशीत वाजला. "अगं बाई. इथवर आलं का हे?" त्या उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागून फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी काढली. "तिने शपथ घातली होती. मालदीवला गेलेत दोघं. अख्ख्या बेटावर एकच हॉटेल आहे म्हणे. उतरल्यापासून समुद्रच समुद्र."

आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेलो. चिठ्ठीवरचा नंबर लावून मी हॉटेलवाल्यांकडे इंग्रजीत खोली जोडून मागितली आणि रिसीव्हर मुलाच्या हाती दिला.

"आई?"

पलीकडून बाईंचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. "अरे, दर्शन छान झालं हो."

"आई, मागे लाटांचा आवाज येतोय."

"गंगा आहे ती."

"गंगेला एवढ्या लाटा नसतात, आई." एवढे बोलून तो बूथमधल्या स्टुलावर बसला. हसत होता आणि डोळे पुसत होता. त्या दोन जखमींचीही पुढे दोन दिवसांत ओळख पटली आणि ते बरे होऊन आपल्या घरी गेले, हे इथे नमूद करतो.

बेपत्ता व्यक्ती मिळून आल्यावर तिचा जबाब घ्यावा लागतो. परतल्यावर दोघे ठाण्यात आले. गुरुजींचे नाक उन्हाने सोलवटले होते.

"मुलाला सांगून का गेला नाहीत?"

"वर्षापूर्वी जेवताना मी त्या बेटाचा फोटो दाखवला होता," गुरुजी म्हणाले. "तो हसला. 'बाबा, हे नव्या लग्नाच्या लोकांसाठी असतं, तुम्ही काशी करून या.' त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुन्हा विषय काढायची लाज वाटली."

मग बाई बोलू लागल्या. त्यांची खोली समुद्रात, खांबांवर होती. जमिनीत काच बसवलेली. सकाळी चहा पिताना पायांखालून निळे मासे जायचे. खोलीच्या पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. रात्रीचे जेवण किनाऱ्यावर, टेबलावर पांढरा कपडा आणि पाय वाळूत. गुरुजींनी शाळकरी वयानंतर प्रथमच हाफपँट घातली होती.

"आणि मी तरंगले, साहेब. पाठीवर. एकसष्ट वर्षांची मी, कान पाण्यात, आणि कुणी हाक मारत नव्हतं."

लिहिणारे आमचे हवालदारच. त्यांनी पेन थांबवले. "साहेब, हे बी घ्यायचं?"

"घ्या," मी म्हणालो.

निघताना बाई दारात घुटमळल्या. "कॉलनीत कळू देऊ नका हो. रविवारी मावंदं आहे. प्रसाद तर आहेच घरात."

मी शब्द दिला आणि पाळला. शब्द मोडला तो मुलाने. रविवारी हवालदार आणि मी जेवायला गेलो, तर दारातच मोठा केलेला फोटो लावलेला होता. निळे पाणी, गुरुजी हाफपँटमध्ये आणि बाई तरंगत. फोटोकडे बोट दाखवून तो प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, "आई-बाबा इथे गेले होते. काशीला आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत, सगळे मिळून."

बाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. पण बायका त्यांच्यामागे आत गेल्या. "पाणी किती खोल होतं हो?" "साडी नेसून तरंगता येतं का?" थोड्या वेळाने आतून बाईंचा शाळेत शिकवतानाचा आवाज ऐकू येऊ लागला. ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "पासपोर्टचं तुमच्याकडेच असतं ना रे बाबा?"

हवालदार जिलबीकडे वळत म्हणाले, "आता पडताळणी वाढणार, साहेब."

तोपर्यंत कोणी बेपत्ता झाले की माझे प्रश्न ठरलेले असत. कोणाशी वैर होते का, घरात भांडण झाले का, तब्येत कशी होती. त्यानंतर मी त्यांत एका प्रश्नाची भर घातली. कुठे जायची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली होती का? सख्ख्या मुलांनाही बहुधा उत्तर देता येत नसे आणि ती मान खाली घालत.

मावंद्याच्या संध्याकाळी घरी परतल्यावर तोच प्रश्न मी माझ्या पत्नीला विचारला. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता तिने उत्तर दिले, ठिकाणाच्या नावासकट. ते नाव तिच्याजवळ किती वर्षे तयार होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्याच हिवाळ्यात आम्ही गेलो. सगळ्या आळीला सांगून गेलो.