पापा नावाची आई

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कुठलं द्यावं असं कुणाला वाटलं नाही, हेही कारण असेल. गेल्या वर्षी बायकोला न्यूझीलंडमध्ये नर्सची नोकरी लागली, लेक तिच्याबरोबर गेली, मी इथेच आखातात, रुवैसला रिफायनरीत राहिलो. शनिवारची गोष्ट तेवढी माझ्या वाट्याला उरली. इथे दुपार, तिथे तिची झोपायची वेळ. आठवडाभर मुख्यतः फ्रीजशी बोलणारा मी शनिवारी दाढी करून फोनसमोर बसतो.

पण अलीकडे माझ्या कोल्ह्या-मगरींना ती "आय नो, पप्पा" म्हणून वाटेतच अडवायची. हेही खातं जातंय की काय, अशी धाकधूक होती.

त्या शनिवारी तिनेच सुरुवात केली. "आज मी सांगणार. माओरी स्टोरी, म्हणजे इथल्या पहिल्या लोकांची. शाळेतली. आधी पापा आणि रंगी इतके घट्ट हगिंग, की मध्ये सगळा डार्क."

"रंगी कोण?" मी जरा सावध झालो.

"स्काय! त्यांची मुलं मध्ये स्क्वॉश झालेली. मग एक मुलगा, जंगलाचा गॉड, पापावर पाठ टेकून झोपला आणि पायांनी ढकललं. रंगी वर गेला, पापा खाली. अलोन."

मुलांना उजेड मिळावा म्हणून आईबाप लांब झाले, आणि पप्पा राहिला खाली वाळूत! पोरीने माझ्यावरच रचली की. आवाज सांभाळत मी म्हणालो, "बिचारा पप्पा."

तिकडे हसण्याचा स्फोट. "ओ माय गॉड! पापा इज द मदर! पापा म्हणजे अर्थ! ती!"

मागे कपड्यांच्या घड्या घालणारी बायको म्हणाली, "अहो, प्रत्येक गोष्टीत स्वतःलाच काय बसवता? आणि बसायचंच तर आभाळ व्हा."

"म्हणजे मी वर जायचं का?"

"रेन म्हणजे रंगीचं रडणं," लेक पुढे निघाली होती. "मिस्ट म्हणजे पापाचं साय."

साय म्हणजे उसासा, हे कळायला मला क्षणभर दूध बाजूला सारावं लागलं. "आमच्याकडे पाऊसच नाही," मी म्हणालो.

"मग तुमचा रंगी ब्रेव्ह आहे."

मी घाईने शेवटाकडे वळलो. "शेवटी भेटतात ना?"

"नो. खलास."

"असं कसं? एकदा रंगीला लांब रजा मिळते..."

"पप्पा, नो! टीचर म्हणाली, दॅट्स देअर स्टोरी. चेंज नाही करायची."

आजवर प्रत्येक कोल्ह्याला मी सुखाचा शेवट शिवून दिला. इथे सुई शिरेना.

"मग मी काय सांगू?"

"नथिंग. तू ऐक. परत पहिल्यापासून सांगते."

तिने परत सुरू केलं. घट्ट मिठी, अंधार, चेंगरलेली मुलं. आवाज जड होत गेला, आणि त्या मुलाने पाय उचलण्याआधीच ती झोपली.

"झोपली," बायको कुजबुजली. "फोन ठेवू?"

"नको. राहू दे चालू."

तिने घड्या बाजूला ठेवल्या आणि ती फोनसमोर येऊन बसली.