आधी समोरच्याची बाजू

मुद्दे सरांकडे पाणी प्यायला जायची परवानगी मागणंसुद्धा सोपं नव्हतं. "सर, तहान लागलीय," म्हटलं की ते खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "हा कोणता मुद्दा?" एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, "भीतीचा, सर. आता सोडलं नाहीत तर इथंच चक्कर येऊन पडेन." सरांनी तिला शाबासकी दिली आणि भीतीच्या मुद्द्यावर इतकं रंगून बोलले की तास संपला. ती बिचारी तहानलेलीच.

लोणंदच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. मूळचे कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या मते माणूस माणसाला पटवतो तो चारच मुद्द्यांनी: पुराव्यानं, बोलणाऱ्याच्या वजनानं, डोळ्यांतल्या पाण्यानं, नाहीतर भीती घालून. भाजीवाली असो, मुख्याध्यापक असोत की एसटीचा कंडक्टर, कुणी तोंड उघडलं की सर त्याचं बोलणं या चारांपैकी एकात, मेंढरू जाळीत कोंडावं तसं, कोंडून मोकळे.

मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. वक्तृत्वाच्या ढालींनी माझं डोकं एवढं फुगलं होतं की वेणीला रिबिनी पुरत नसत. घरात मीठ मागतानाही माझा उजवा हात वर जायचा. आई म्हणायची, "हात खाली घे गं, पंख्याला लागंल."

स्पर्धेच्या तयारीत सरांचा एक छळवादी नियम होता. आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची मांडायची, आणि तीही अशी की समोरच्यानं स्वतः मान हलवली पाहिजे. मान हलली नाही तर बसा खाली. मी कितीदा खाली बसले याला गणती नाही. एकदा चिडून विचारलं, "त्याची बाजू मीच मांडली तर तो काय मांडणार?"

"त्येच की! त्याला कामच ठिवायचं न्हाई." खूश झाले की सरांच्या तोंडी गावाकडची बोली यायची.

बारावी झाली. मला सांगलीच्या कॉलेजात, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, येत्या रविवारी फलटणकडचे पाहुणे मला बघायला बोलवायचे होते. मुलगा लष्करात, घरचा ऊस. आबा कांद्याचे अडतदार. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहून बोलायचं, हेच त्यांचं पोट. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून त्यांना भाषण ठोकलं. स्त्रीशिक्षण, राष्ट्राची प्रगती, उगवता सूर्य, काही म्हणून सोडलं नाही. आबांनी भाकरी मोडत शांतपणे ऐकलं आणि आईला म्हणाले, "आवाज चांगला हाय. पाव्हण्यांम्होरं जरा हळू बोल म्हणावं."

मग मी सरांनाच घरी आणलं. हुकमाचा एक्का!

एक्क्यानं सोप्यात बसून चहा बशीत ओतला आणि नियमाप्रमाणे आबांच्या बाजूनं सुरुवात केली. पोरगी परगावी आजारी पडली तर उशाशी कोण? चालून आलेलं ठिकाण थांबणार आहे का? कांद्याचा भाव पडला तर पुढच्या साली लग्नाला उभं राहायचं कसं? आबांना स्वतःला हे इतकं नीट कधी सुचलं नव्हतं. ते आधी मान हलवत होते, नंतर मांडीवर थापा मारायला लागले. "आवं सर, आगदी माज्या मनातलं बोलला!" आत आईनं पदर डोळ्यांना लावला. मलासुद्धा वाटायला लागलं, पोह्यांना कांदा चिरायला घ्यावा.

"ठरलं तर मग," आबा उठलेच. "रविवारी तुमी बी या जेवायला."

"सर, माझी बाजू!" म्हणत मी भोकाड पसरलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा तिसरा मुद्दा. मजबूत आहे, पण लय लवकर काढलास."

ती बशी त्यांच्याच डोक्यावर पालथी घालावी, असं वाटलं मला.

"बसा आबासाहेब," सर म्हणाले. "तुमची बाजू मी मांडली. आता हिची तुम्ही मांडा. हिनं मान हलवली, की खुशाल निरोप धाडा."

"त्ये माज्यानं न्हाई व्हायचं."

"रोज घेणाऱ्याचं बी बोलता, देणाऱ्याचं बी बोलता. आन् घरच्या पोरीचं न्हाई?"

हे आबांना झोंबलं. ते खाली बसले. "ती म्हनंल, मला शिकायचंय."

मी खांबासारखी उभी. मान हलवली नाही.

"ती म्हनंल, सांगली काय लांब न्हाई."

तरी नाही. आता आबा इरेला पेटले. "ती म्हनंल, शेतकऱ्याला दर कळंना म्हणून तो नाडला जातो, आसं तुमीच सांगता. मंग मला का आंधळं ठिवता? ती म्हनंल, ठिकाण फिरून मिळंल, ह्ये वय न्हाई मिळायचं. ती म्हनंल, आईच्या हातात तिच्या बापानं पाटी दिली न्हाई, म्हणून तुमी आजवर त्याला शिव्या देता, आन्..."

आबा थांबले. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

मी मान हलवली. आबांनी ती पाहिलीसुद्धा नाही. रिकाम्या कपाकडे बघत ते म्हणाले, "पाव्हण्यांना कळवतो. फुडं बघू म्हणून."

मी सांगलीला गेले, शिकले. लग्नही झालं यथावकाश, पण तो नियम काही सुटला नाही. अजूनही नवऱ्याशी भांडताना मी आधी त्याची बाजू मांडते. तो खूश होऊन मान हलवतो आणि पेपर घेऊन गॅलरीत निघून जातो. माझी बाजू कित्येक वर्षं तशीच पडून आहे. नात विचारते, "आजी, तू नक्की कुणाकडून आहेस?"

आणि एक प्रश्न मला आयुष्यभर छळत राहिला. त्या दिवशी सरांनी सगळं ठरवून केलं होतं, की नियमाच्या नादात माझं लग्न लावून बसले होते आणि ऐनवेळी सावरलं? गेल्या उन्हाळ्यात मी वाईला त्यांच्या मुलीकडे त्यांना भेटायला गेले. सर खाटेवर, आवाज खोल गेलेला. तरी मी विचारलंच.

"दोन्ही बाजू मांड," सर म्हणाले.

असा संताप आला! पण मांडल्या. आधी ठरवून केलं होतं, ही. सरांनी मान हलवली. मग फसलं होतं, ही. त्यालाही तेवढीच मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

"सर, हा कोणता मुद्दा?" मी ओरडले. ते झोपले होते, किंवा सोंग घेतलं होतं.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. तिनं मला बरंच समजावलं. वय झालं होतं, त्रास काही झाला नाही, झोपेतच गेले. सगळे मुद्दे बरोबर होते. मी अजून मान हलवलेली नाही.