दोघांच्या वजनावर

एका मंगळवारी दुपारी माझा भाऊ कारखान्यात वारला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन प्राचार्यांच्या खोलीत आला.

बारामतीजवळ जळोचीच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. तो साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर, मी ग्रंथपाल. लग्न दोघांनीही केलं नाही. नव्वद सालानंतर केव्हातरी त्याने पुण्याच्या एका डॉक्टरांच्या शेडमधून बंद पडलेली परदेशी स्पोर्ट्‌स कार आणली. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. तीन वर्षं खपून त्याने ती चालती केली. मग दर रविवारी आम्ही तिच्यातून कळसला, शेतावर जायचो. वाटेत चहाला थांबलो की लोक गोळा व्हायचे.

"भाऊ, ह्यात बसत्यात का निजत्यात?"

"आबा, तुमी आधी वाकून दाखवा, मग सांगतो."

टायर कसा बघायचा ते त्याने मला शिकवलं होतं. डोळ्यांनी नाही, हाताने. तळहात बाहेरच्या कडेवरून आत न्यायचा, मग परत आणायचा. "आत जाताना हात अडला आन बाहेर येताना गुळगुळीत लागला, की समजायचं चाकांची तोंडं पुढं भायेर फाकल्यात. मग टायर आतल्या कडेनं खातो. तुझ्या पुस्तकांत हाय का हे?" नव्हतं.

बारामतीत इंदापूर रस्त्याला एका तात्यांचं दुकान होतं. पाटीवर 'व्हील अलायमेंट' लिहिलेलं. मी एकदा म्हटलं, "तात्या, अलाइनमेंट हवं, मध्ये 'न' राहिला." ते म्हणाले, "गाडी सरळ जाती न्हवं? मग बोर्ड वाकडा असूद्या."

त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणायची, चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत टेपने मोजायचं आणि फरक काढायचा. आमची गाडी बघून त्यांनी विचारलं, "हिच्यात कायम कोण बसतं?"

"आमी दोघं. मी चालवतो, ही शेजारी."

"मग दोघं बसा. गाडी हलकी हाय. माणसं बसल्याबिगर चाकं खरं सांगायची न्हाईत."

आम्ही दोन तास बसलो. मी पुस्तक उघडलं. तात्या गाडीखालून म्हणाले, "ताई, पान उलटा, पर हसू नगा." तेवढ्यात भाऊ माझ्याकडे न बघता पुटपुटला, "तात्यांची सुतळी त्यांच्या लेंग्याची नाडी हाय." मी हसले. गाडी हलली. "गेलं!" तात्या ओरडले. "आता परत मोजा!"

त्यानंतर गाडी सरळ चालायला लागली. कालव्याकडेच्या रस्त्यावर तो क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलायचा. "बघ, आपली आपण चाललीय."

तो गेल्यावर गाडी बरेच दिवस उभी होती. पण शेताकडे बघायला कोणीतरी जायला हवं होतं, आणि चालवायला त्यानेच शिकवलं होतं. पहिल्याच रविवारी गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. फार नाही. हात मात्र सारखा उजवीकडे धरून ठेवावा लागे. डाव्या सीटवरून कोणी पदर धरावा तसं वाटत होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरीही कळसपर्यंत कितीतरी वेळा डावीकडे पाहिलं. रिकामी सीट माझी होती. मी त्याच्या जागेवर बसले होते.

काही महिन्यांनी पुढच्या डाव्या टायरवरून हात फिरवला. आत जाताना अडला.

तात्यांनी सुतळी लावली आणि मला बसवलं. मोजून झाल्यावर ते उठले आणि डाव्या सीटकडे बघत राहिले.

"ताई, बिघाड काय न्हाय. ही दोघांच्या वजनावर लावलेली हाय. गाडीला वाटतंय भाऊच चालवत्यात, आन तुमी मधीच कुठं तरी उतरलाय." मग हळू आवाजात म्हणाले, "एकटीवर लावू का?"

मी नाही म्हटलं. ते मोजमाप त्याच्या अंगाचं होतं. त्याचं इतकं नेमकं काही दुसरं माझ्याकडे उरलं नव्हतं.

"न्हाय तर मग शेजारी साखरेचं पोतं ठेवा. तुमच्याच वजनाचं भरंल."

पुढच्या रविवारी मी खरंच पोतं ठेवलं. त्याला सीटचा पट्टाही लावला. गाडी सरळ चालली. कालव्याकडेला मी स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी आपली आपण जात होती. आणि माझ्या तोंडून शब्द आले, "बघ, आपली आपण चाललीय." त्याच्याच चालीत, त्याच्याच हेलात. मी ते पोत्याला म्हणाले होते.

मी गाडी कडेला थांबवली. शेजारी माझ्या जागेवर, माझ्याच वजनाचं पोतं पट्टा लावून बसलं होतं; ते पोतंही मीच होते, आणि त्याच्या जागेवरून त्याचं बोलणारीही मीच. भाऊ गाडीत कुठेच नव्हता. त्या दिवशी मी कळसला गेले नाही.

सोमवारी अर्धी रजा टाकून तात्यांकडे गेले. म्हटलं, "एकटीवर लावा." मी उजवीकडे बसले. पुस्तक नेलं नव्हतं. सुतळी ताणताना ते म्हणाले, "ताई, आज हसलात तरी चालंल."

मी हसले नाही. मोजमाप पहिल्याच वेळी जुळलं.

"ह्यो टायर टाकून देऊ?" झिजलेला पुढचा डावा टायर बदलून झाल्यावर त्यांनी विचारलं. मी तो घरी आणला.

गाडी पुढे विकली. टायर माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा आहे. त्याची आतली कड झिजलेली आहे आणि बाहेरची शाबूत आहे.