हिरव्या पेनाने लिहिलेली दहावी अ

शाळेचं वेळापत्रक मी पंखा बंद करून बनवते. जूनमध्ये, बुलढाणा जिल्ह्यात, भर दुपारी. पंखा सुरू ठेवला की कागदाचे तुकडे उडतात आणि सोमवारचा इतिहास शनिवारच्या कवायतीवर जाऊन बसतो. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, दार लोटलेलं, आणि सतरंजीवर मी घामाने निथळत. समोर साडेतीनशेच्या वर तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक तास.

गणिताच्या शिक्षकाला वेळापत्रक जमतं, असा समज आमच्या शाळेत कुणी पसरवला देवाला ठाऊक. मी लागले त्या वर्षी ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि अठरा वर्षं तिथेच आहे. सुरुवातीला वहीच्या कागदाचे तुकडे करायचे, ते फाटायचे. मग लग्नसराईतल्या पत्रिका कामी आल्या. आमच्या गावात एप्रिल-मेमध्ये दारोदार इतक्या पत्रिका येतात की त्यांचं करायचं काय हाच प्रश्न असतो. मागची कोरी बाजू घ्यायची, चौकोन कापायचे, त्यावर वर्ग आणि विषय लिहायचा. प्रत्येक शिक्षकाचा पेन वेगळ्या रंगाचा. माझा लाल. तुकडे हलू नयेत म्हणून वर भुईमुगाची एकेक शेंग. एका वर्षी आमच्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्याने, वावरातून आल्यावर बोलता बोलता अख्खा मंगळवार सोलून खाल्ला होता.

तुकडे कापायचं आणि लिहायचं काम पाचवीपासून माझ्या मुलीकडे आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

यंदा मात्र माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकाच दिवशी मी तीनदा शाळेत जाऊन आले. काम काही नव्हतं. लाकडी कंपासचा स्क्रू घट्ट केला, गुण्याची धूळ झटकली, कपाट आवरलं आणि घरी येऊन आठवलं की कपाट परवाच आवरलं होतं. कारण मला माहीत होतं. मुलगी दहावी अ मध्ये आली होती, आणि आमच्या शाळेत दहावीचं गणित म्हणजे मी. अ तुकडी मी, ब तुकडी मी. तोवर ती कधी माझ्या वर्गात बसली नव्हती. आठवी-नववी एका जुन्या सरांकडे असायची, ते मे महिन्यात निवृत्त झाले.

नववीत तिला गणितात काठावरचे गुण पडले होते. निकाल हातात घेऊन शाळेच्या पायऱ्या उतरताना मला वाटलं की सगळं गाव माझ्याकडे बघतंय. दिव्याखाली अंधार, असं कुणी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. घरी येऊन मी तिला एवढंच म्हणाले, "आता ये माह्या हाताखाली, मंग पाहतो." तिने मान हलवली. मला वाटलं, तिला धीर आला.

तर त्या दुपारी मी तुकडे लावत होते. पाचवीपासून वर जायचं ही माझी पद्धत. दहावी शेवटी, कारण तिचे तास सकाळच्या ताज्या वेळेत बसवायचे असतात आणि त्यासाठी बाकीच्यांना ढकलावं लागतं. दहावी ब चं गणित लावलं. सहा लाल तुकडे. मग अ चं शोधू लागले. लाल सापडेना. सतरंजी उचलली, पत्रिकांचा डबा उपडा केला. शेवटी दिसलं. दहावी अ, गणित, सहाही तुकडे हिरव्या रंगात.

हिरवा रंग आमच्या तरुण सरांचा. दोन वर्षांपूर्वी लागलेले, पाचवी ते सातवीचं गणित शिकवायचे. माणूस सज्जन, पण फळ्यावर अक्षर बारीक, आणि खडू हातात धरला की मोडतो. मीच त्यांना तिरका धरायला शिकवलं होतं.

मुलगी आत पाणी भरत होती. मी हाक मारली.

"हे हिरवं कसं झालं वं? अ चं गणित लाल पाहिजे न."

ती दारात येऊन उभी राहिली. ओले हात ओढणीला पुसत म्हणाली, "चुकून नाई झालं."

"मंग?"

"मले सरांकडे बसायचं हाये."

मी हसलेच आधी. मला वाटलं, मैत्रिणींनी काही डोक्यात भरवलं असेल. "काऊन? मी खातो काय तुले?"

तिने बोटाला ओढणीचं टोक गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता बोलली. "तू वर्गात पहिल्या दिवशी म्हनतं न, की समजलं नाई म्हनायले कोनी लाजू नका, मी धा वेळा सांगीन. मोठ्या पोरींनं सांगतलं मले. सगळ्या पोरींले तुहं ते लय आवडते." तिने ओढणी सोडली. "घरी तू असं एकदा तरी म्हनलं काय मले?"

आणि ती परत पाणी भरायला गेली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी मोठी झाली का, आईला जाब विचारते! मी उठून पंखा सुरू केला. मग तुकडे उडाले आणि ते गोळा करता करता दुपार गेली.

पण तिने म्हटलेलं डोक्यातून जाईना. साखरखेर्ड्याच्या बाजारात भाजी पोचवायला घरच्यांबरोबर टेम्पोत गेले, तिथेही तेच. एका वांगीवाल्या बाईने तराजूत वजन टाकलं आणि मला एकदम आमचं स्वयंपाकघर आठवलं. मुलगी सातवीत होती. मी भाकरी थापत होते, ती ओट्याशी पुस्तक घेऊन उभी होती. तिने विचारलं होतं की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना दोनने गुणलं तर ते तेच कसं राहतं, सगळं तर बदलून जातं. तव्यावर भाकरी करपत होती. मी म्हणाले होते, "एवढंही येत नाई? गनिताच्या मॅडमची पोरगी न तू?" तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "समजलं."

त्यानंतर ती नेहमी लगेच "समजलं" म्हणायची. मी शेजारणींना सांगायचे, माझ्या मुलीला एकदा सांगितलं की पुरे. अठरा वर्षांत शेकडो मुलांचे चेहरे वाचले मी. कोणता मुलगा खरंच समजून मान हलवतो आणि कोणता मला खूश करायला, हे मागच्या बाकापर्यंत ओळखते. माझ्या ओट्याशी उभी राहणारी तेवढी ओळखता आली नाही. मला स्वतःची लाज वाटली. टेम्पोत बसून मी तोंडावर पदर घेतला, घरच्यांना वाटलं धुळीने.

शाळा उघडायला चार दिवस होते. मी हिरवे तुकडे तसेच ठेवले आणि वेळापत्रक घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कागदावर बोट फिरवलं आणि दहावी अ वर थांबवलं.

"मॅडम, हे काय? अ तुमच्याकडे नाई?"

"यंदा एकच तुकडी घेते सर. घसा बसतो माझा. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय."

"तुमचा घसा?" ते माझ्याकडे बघत राहिले. "घंटा ऐकू नाई आली त पोरं तुमच्या आवाजावर वर्गात जाऊन बसते. पालक मले फाडून खातीन. निकाल तुमच्या भरोशावर हाये."

"सरांची तयारी मी करून घेईन."

खरं सांगायचं धाडस झालं नाही. काय सांगणार होते? की माझ्या मुलीला मी नको आहे? ते वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होते आणि प्रत्येक वेळी ते मध्येच अडकायचं. मुख्याध्यापक शेवटी म्हणाले, "तुमच्या जिम्मेदारीवर, मॅडम," आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी तरुण सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि भीतीही. दहावी मिळणं म्हणजे आमच्याकडे मोठेपण. "मॅडम, तुमच्या टाचणवह्या मिळतील का? तुम्ही कुठं थांबता, कुठं जास्त उदाहरणं घेता, ते बघायचं होतं."

मी हो म्हणाले आणि फक्त भूमितीची वही दिली. बीजगणिताची घरी राहिली म्हणून सांगितलं. ती पिशवीतच होती. अठरा वर्षांची दहावी एका सहीने अर्धी झाली होती, तेवढा कोतेपणा मी स्वतःला करू दिला. दुसऱ्या दिवशी ती वहीही त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

मुलीला मी काही सांगितलं नाही. वेळापत्रकाची नक्कल भिंतीवर चिकटवली, ती तिने वाचली आणि चहा करून आणून दिला. साखर जास्त झाली होती. मी पिऊन टाकला.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी पुस्तकं वाटणं, पाया पडणारे, रडणारे पाचवीवाले, यातच सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी मी दहावी ब वर गेले. फळ्यावर तारीख लिहिली, मुलांकडे वळले आणि अठरा वर्षांचं माझं वाक्य सुरू केलं, "समजलं नाही असं म्हणायला..." आणि पुढचं येईना. मुलं वाट बघत होती. मी ते सोडून दिलं आणि सरळ उदाहरणाला हात घातला.

अ चा तास माझ्या नंतरचा होता. मला तेव्हा मोकळा तास, म्हणजे स्टाफरूममध्ये बसायचं. मी दोनदा बसले, दोनदा उठले. मग पाण्याची बाटली घेऊन व्हरांड्यातून निघाले. टाकी उलट्या बाजूला आहे, हे मला ठाऊक होतं.

अ च्या खिडकीच्या अलीकडे, खांबाआड थांबले. सर दोन चलांची समीकरणं सोडवत होते. अक्षर मोठं काढत होते, खडू तिरका धरला होता. दोन्ही बाजूंना दोनने गुणून घेऊ, म्हणाले, आणि पुढच्या ओळीवर गेले.

"सर."

माझ्या मुलीचा आवाज. मी बाटली दोन्ही हातांनी धरली.

"सर, दोन्ही बाजूले दोननं गुनलं त समीकरण तेच काऊन राहते? मले ते सातवीपासून समजलं नाई."

वर्ग हसला. सर नाही हसले. फळ्याकडे बघत विचार करू लागले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तराजू घे, दोन्ही पारड्यांत जेवढं आहे तेवढंच अजून टाक, काटा हलतो का बघ. तेवढं त्यांना सुचलं असतं तर! एक पाऊल मी टाकलंही दाराकडे. सरांनी मग कसलंसं पेनांचं आणि डब्यांचं उदाहरण घेतलं, मध्येच गोंधळले, पुसलं, पुन्हा लिहिलं. घामाघूम झाले. शेवटी वळून म्हणाले, "आलं लक्षात?"

मी डोळे मिटले. आता ती "समजलं" म्हणेल, मला खात्री होती.

"नाई सर," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा."

सरांनी नवा खडू घेतला. मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि पाय न वाजवता व्हरांड्यातून परत निघाले. बाटली रिकामीच होती.