एका लिंबाची अमेरिका

तमाम जनतेस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हा विमानप्रवास आता अवघ्या तीन तासांचा झाला आहे. हा शोध मिरजोळे गावात, माझ्या मावशीच्या पडवीत लागला. लावणारी मावशी स्वतःच.

मावशीला गाडी लागते. जवळच्या आरे-वारेच्या वळणांवरसुद्धा ती डोळे मिटून लिंबू हुंगत बसते. त्यामुळे तिच्याकडे अंतरं किलोमीटरांत नसतात, लिंबांत असतात. गणपतीपुळे अर्धं लिंबू. कोल्हापूर, मध्ये आंबा घाट असल्यामुळे, तीन लिंबं. अमेरिकेतली तिची लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि ही म्हणे, "जीव तुटतो रे पोरीसाठी. पण तेवढी लिंबं आणू कुठून?"

तरीही जावयाने तिकीट काढून पाठवलं. मावशीने चष्मा लावून माझ्या फोनवर ते मोठ्याने वाचलं. "सुटणार दुपारी चारला. पोचणार संध्याकाळी सातला. तारीख तीच." मग चष्मा कपाळावर चढवला. "अगो बाई! तीन तास? हे तर एका लिंबाचं काम!"

मावशीच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, आयुष्य कचेरीत कागद तपासण्यात गेलेलं. ते म्हणाले, "अगं, तिथलं घड्याळ..." मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"काका, चहा निवतोय."

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. खरा प्रवास साडेपंधरा तासांचा, साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, मध्ये कुठेही थांबा नाही. मला सगळं ठाऊक होतं. पण मावशी एव्हाना डिंकाचे लाडू वळायला बसली होती, वळता वळता गुणगुणत होती. ते गुणगुणणं थांबवायची माझी छाती झाली नाही.

मुंबईपर्यंत रेल्वेने आलो. रेल्वे तिला कधी लागत नाही. विमानतळाच्या दाराशी तिने पर्समधून लिंबू काढून दाखवलं. एकच.

"पुरेल ना रे?"

तिथे माझं नाटक आटोपलं. त्या एकुलत्या एका लिंबाकडे बघून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं.

मावशीने ट्रॉलीवरचा हात काढला. लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. झालं, मला वाटलं, ही आता मागे फिरणार. तिकडे पोरगी आईविना बाळंत होणार, आणि तेही माझ्या आगाऊपणामुळे.

"साडेपंधरा तास?"

"हो."

"वाटेत घाट किती?"

"घाट? मावशी, आकाशात कसले घाट? एकसुद्धा नाही. वळणंही नाहीत म्हण ना."

तिने पदर खोचला. मग लिंबू माझ्या हातात कोंबलं, ट्रॉली पुढे ढकलली आणि दारावरचा शिपाईसुद्धा वळून बघेल अशा आवाजात कडाडली,

"घाट नाही, वळण नाही, मग मेला डायवर साडेपंधरा तास करतो काय?"