साडूंची वाढीव वॉरंटी

वस्तूपेक्षा वस्तूसोबत आलेल्या कागदावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं प्रारब्ध. कालव्याच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला हा गृहस्थ निवृत्त होऊन झरीला आपल्या घरी आला तो सोबत दोन गोष्टी घेऊन: एक पांढरी मोटार आणि एक निळं पुस्तक. मोटार आक्कासाठी होती. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि माहेर गंगाखेडला. निळं पुस्तक मात्र साडूंचं स्वतःचं. त्यात वाढीव वॉरंटीचे नियम होते. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची काही वर्षं काय भरून मिळणार आणि काय नाही, याची ती पोथी. साडूंनी तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, वर सुवाच्य अक्षरात 'महत्त्वाचे' लिहिलं आणि सकाळी आंघोळ झाली की चष्मा लावून ते तिचं एक पान वाचू लागले. देवपूजा आक्का करायची.

पुढं पुढं ते पुस्तक गाडीतून उतरून संसारात शिरलं. कुणीही कशाचीही तक्रार केली की साडू क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पान चौदा. झिजणाऱ्या वस्तू बसत न्हाईत." वायपरचं रबर झिजणारं, ब्रेकचे लायनर झिजणारे, क्लच प्लेट झिजणारी. माझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हाही त्यांनी चौदावं पानच काढलं. एकदा आक्का ओट्याशी उभी राहून गुडघा चोळत होती. साडू म्हणाले, "झीज हाय ती. कोन भरून देनार?" आक्का पोळी उलटत म्हणाली, "तुमच्यासोबत संसार केला तवाच झिजले ते. त्या पुस्तकात तुमचं पान कितवं हाय ते बघा आधी." साडूंनी खरोखर पानं चाळली.

गाडीतल्या प्रत्येक आवाजाची त्यांच्याकडं नोंद असायची. एकदा डाव्या दारातून टुकटुक यायला लागली. साडू ती टुकटुक घेऊन परभणीच्या शोरूमला गेले. तिथं पोचताच ती बंद. परत झरीच्या वाटेला लागले, की सुरू. असे तीन हेलपाटे झाल्यावर पुरावा हवा म्हणून त्यांनी मला पाथरीहून बोलावून घेतलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला मी हेडमास्तर माणूस चालत्या गाडीत आक्काच्या पायांपाशी उकिडवा बसून, दाराला मोबाईल लावून आवाज टिपत होतो. रस्त्यानं माझा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून गेला आणि त्यानं नमस्कारही केला. शेवटी एकदा आक्का उतरायच्या आत शोरूमच्या पोरानं दाराच्या कप्प्यात हात घातला तर आक्काचा अडकित्ता निघाला. शोरूमला पोचलं की आक्का सुपारी कातरायला तो बाहेर काढायची, म्हणून आवाज बंद व्हायचा. पण साडू खजील झाले नाहीत. "म्हंजी दारात दोष न्हाई, असं लिहून द्या," म्हणाले, आणि सही-शिक्का घेऊनच उठले.

फाट्यावरच्या मिस्त्रीनं तर त्यांच्यापुढं हात टेकले होते. लिंबाखाली बसून ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करणारा हा म्हातारा. एकदा ऐन उन्हात त्याच्या दुकानासमोरच साडूंच्या गाडीखालचा पत्रा लोंबकळायला लागला. मिस्त्री पाना घेऊन धावला, "साब, एक बोल्ट ढिला हाय. घुमाया की खतम." साडू दोन्ही हात पसरून गाडीला आडवे झाले. "हात लावू नका! बाहेरच्या मानसाचा पाना लागला की वॉरंटी खलास. पान बावीस." मग शोरूमची गाडी येईस्तोवर आम्ही दुपारभर लिंबाखाली बसलो. मिस्त्रीनंच पाणी पाजलं, चहा मागवला. निघताना त्यानं हळूच विचारलं, "साब, बुरा मत मानो. गाडी तुमची हाय का कंपनीची?" साडूंनी गाडीचं दार उघडलं. आत बसून पट्टा लावला. गाडी दोरानं ओढत नेली जात असतानाही पट्टा लावणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

आणि इतकं पाळूनही वॉरंटीनं त्यांना कधी काही दिलं नाही. जे बिघडायचं ते चौदाव्या पानावरचं असायचं. "एखादं मोठं काम निघायला पायजे," असं ते हळहळून म्हणायचे. वॉरंटी संपायला दोन महिने उरले तेव्हा तर त्यांचा चेहरा बघवेना.

तशात दसरा आला. दसऱ्याला आम्ही सगळे झरीला. गाडीच्या पूजेचेही साडूंचे नियम होते: रंगावर हळदकुंकू नाही, जाळीला लिंबू-मिरची नाही, नारळ फोडायचा तो चार हात लांब. मात्र इंजिनाला आरती दिसावी म्हणून बॉनेट उघडं ठेवलेलं. साडू कापूर आणायला आत गेले. आक्कानं पदराआडून तांब्या काढला. तिच्या भावानं गंगाखेडहून पाठवलेलं गंगेचं पाणी, वर तुळशीचं पान. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. "दाजी," ती कुजबुजली, "गंगेबगर कसली पूजा? ह्यांना कळायच्या आत तुमी दोन थेंब घाला की."

एसटीचे ड्रायव्हर तांब्यानं पाणी घालतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणजे गाडीला पाणी लागतं, इतकं यंत्रशास्त्र मला येत होतं. मधोमध एक गोल झाकण होतं. त्यावर दिव्यासारखं चित्र. चोचीचा लहानसा दिवा, पुढं एक थेंब. मला ते फार शुभ वाटलं. मी झाकण फिरवलं आणि थेंब मोजायचा कंटाळा करून अर्धा तांब्या ओतला. झाकण लावलं. आक्कानं हात जोडले. कापूर आला, आरती झाली. माझ्या हातून एवढं नीट क्वचितच काही पार पडलं असेल.

गाडी बाहेर निघाली ती एकदम भाऊबीजेला. पुढं साडू आणि आक्का, मागं आम्ही दोघं नवराबायको, मांडीवर ओवाळणीचं ताट. परभणी सोडून गंगाखेडच्या रस्त्याला लागलो आणि इंजिनातून खडखड, मग किंकाळीसारखं काहीतरी, मग धूर, मग शांतता. बाजूनं जीप जात होत्या, पण आक्काचा पाय जीपवर चढेना. शेवटी तिच्या भावाला मोटारसायकलवर बोलावून घेतलं आणि आक्कानं रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसून त्याला ओवाळलं. साडू मात्र बॉनेटपाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. "साडूभाऊ," ते माझ्या कानाशी म्हणाले, "इंजिन! पान नऊ, पहिलीच ओळ. पूर्न भरून मिळतंय!"

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या गॅरेजात मी त्यांच्यासोबत होतो. तिथल्या तरुण साहेबानं ते दिव्याचं झाकण उघडलं, आत बोट फिरवून बाहेर काढलं. बोटाला ताकासारखं पांढरं काहीतरी. "काका, तेलाच्या झाकणातून पाणी कुणी घातलं?" मग त्यानं खालून तेल काढलं. तळाशी चिमूटभर रेती होती, आणि रेतीत काळं पडलेलं तुळशीचं एक पान.

साडूंनी ते पान दोन बोटांत धरलं. मग माझ्याकडं बघितलं.

साहेब भला माणूस. दार लावून म्हणाला, "काका, पानाचं आम्ही काही बघितलं नाही. फॉर्मवर रकाना आहे, झाकण कुणी उघडलं. तुम्ही 'माहीत नाही' लिहा. मी वर पाठवून बघतो. होऊन जाईल बहुतेक."

"माहीत हाय की पन," साडू म्हणाले.

मी उठलो. "साहेब, ते मी..." साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "बसा साडूभाऊ. तुमचा काय संबंध न्हाई त्यात." मग खिशातलं पेन काढलं, कालव्याच्या ऑफिसातल्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी स्वतः', खाली सही केली, तारीख घातली. साऱ्या नोकरीत एक खोटी नोंद न केलेल्या माणसाची ती पहिली. आणि मी, रोज प्रार्थनेनंतर पोरांना खरं बोलायला सांगणारा, तिथं गप्प बसून राहिलो.

एसटीनं झरीला आलो. आक्का दारातच उभी. "काय म्हनले? बसलं का वॉरंटीत?"

"न्हाई," साडू चप्पल काढत म्हणाले. "झीज हाय म्हनले."

आक्का आपला गुडघा चोळत खाली बसली. "गाडीला बी झालं का तेच?" एवढंच बोलली.

वॉरंटी संपली त्या दिवशी साडू चालत फाट्यावर गेले आणि मिस्त्रीला घेऊन आले. म्हणाले, "लावा पाना." मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पाहिलं, हळूच परत लावलं. दुसरं इंजिन कुठं मोडीत सापडतंय का ते तो अजून बघायलाय. तोवर गाडी अंगणात. साडू दर रविवारी ती धुतात. संध्याकाळी आक्का पुढच्या सीटवर बसून तुरीच्या शेंगा सोलते, कारण त्या सीटवर तिच्या गुडघ्यांना बरं वाटतं. त्यानंतर ती गंगाखेडला गेलेली नाही.

यंदाच्या दसऱ्याला आक्कानं परत तांब्या काढला, आणि या खेपेला सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. "दाजी, मागल्या साली तुमीच घातलं व्हतं, औंदा बी घाला. गंगेच्या पान्यानं उठंल ती." मी साडूंकडं बघितलं.

"टायरवर घाला साडूभाऊ," ते शांतपणे म्हणाले. "टायर कवाच वॉरंटीत नव्हते."

मी चारी टायरांवर घातलं. आक्का दार उघडून आपल्या जागेवर बसली. "अवो, जाईल ना आता गंगाखेडला?"

"जाईल की," साडू म्हणाले. दुसऱ्या बाजूनं आत बसले, आधी तिचा पट्टा लावून दिला आणि मग स्वतःचा लावला.